नळाचा आवाज

अनेकांत दारात उभा होता आणि त्यानं हात जोडले होते. माझ्या तोंडात पेस्टचा फेस, हातात ब्रश. विसर्जनाच्या मिरवणुकीचे डॉल्बी पहाटेपर्यंत वाजत होते, कान अजून आतनं धडधडत होते, त्यामुळं पहिल्यांदा वाटलं हा काहीतरी मागायला आलाय. तो म्हणाला, "उत्तम क्षमा, जया. वर्षभरात कळत-नकळत माझ्याकडनं काय चुकलं असलं तर माफ कर." मी खिडकीतनं फेस थुंकला आणि परत आलो. "काय केलंस?" हसतच विचारलं. "काय न्हाई गा. पर्युषण संपलं की आमच्यात म्हणायची पद्धत असती." "ते म्हाईत हाय की. दरवर्षी मोबाईलवर पाठवतोस." "ह्या वर्षी म्हटलं समोर जाऊन म्हणावं." चहाला थांब म्हटलं तर नको म्हणाला, अजून चार घरं फिरायचीत. जाताना त्यानं खोलीवरनं एक नजर फिरवली. कॉट, लॅपटॉप, गॅसची शेगडी, कॉटखालची निळी पिशवी. मग चौदा पायऱ्या उतरून खाली गेला. खाली अक्कापाशी दोन मिनिटं थांबला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. मी ब्रश हातात धरून जिन्याच्या तोंडाशी उभा होतो, तरी ऐकू आलं नाही.

दोन वर्षं आम्ही लक्ष्मीपुरीत एकाच फ्लेक्सच्या दुकानात काम करतोय. मी डिझाईन करतो, म्हणजे वाढदिवसाच्या बोर्डावर लोकांचे चेहरे गोरे करतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो, कुठल्या कॉलेजात नाही. अनेकांत मशीन बघतो. दुपारचा डबा आम्ही समोरासमोर बसून खातो. पण ह्या दोन वर्षांत तो माझ्या खोलीची एक पायरी चढला नव्हता. खालनं हाक मारायचा, मी उतरायचो. ही खोली त्यानंच मिळवून दिली. शुक्रवार पेठेतलं हे घर त्याच्या आईच्या चुलत बहिणीचं, रत्नाबाईंचं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीपण अक्काच म्हणतो. नवरा वारलाय, मुलगा वृषभ बेंगळुरूला. खाली अक्का, वर मी. घेताना अट एकच होती, वर अंडंसुद्धा शिजवायचं नाही. मी हो म्हटलं आणि दोन वर्षं ती अट पाळली. मटण खायचं असलं की बाहेर खायचो, तोंड धुऊन, बडीशेप चघळून, मगच जिना चढायचो. मग हा कशाची माफी मागायला आला? काहीच केलं नसेल तर कोण चौदा पायऱ्या चढतं? मोबाईलवर कमळाचं चित्र पाठवायला काय लागतं? दरवर्षी तेवढंच पुरत होतं. म्हणजे ह्या वर्षी काहीतरी झालंय. त्याचा जीव त्याला खातोय. म्हणून तो हात जोडून आला, हलका झाला आणि गेला. जड मी झालो.

दात अर्धेच घासून मी कॉटवर बसलो आणि मला ते कळलं. कळलं म्हणजे काय, ते आतच होतं, त्यानं फक्त झाकण काढलं. अनेकांतला माझं आडनाव माहीत आहे.

कोल्हापुरात मी जयसिंग आजरेकर. गाव आजरा, म्हणून आजरेकर. खोटं काही नाही. इथं गावावरनं नाव पडतं, कोण हटकत नाही. जयसिंग म्हटल्यावर लोक पुढचं आपापल्या सोयीनं धरून घेतात आणि मी धरू देतो. आधार कार्डावर मात्र जयसिंग अशोक कांबळे आहे. खोली घेताना पोलिसात भाडेकरूची माहिती द्यायची होती. आधारची झेरॉक्स मी अक्काच्या हातात न देता अनेकांतच्या हातात दिली. घडी घालून, मजकूर आत. त्यानं घडी उघडली, वाचलं, परत घातली. "देतो चौकीत," म्हणाला. त्याच्या तोंडावर काही दिसलं नव्हतं. मी किती दिवस ते तोंड तपासत होतो. अक्काची मला भीती नव्हती कारण अक्काला वाचता येत नाही. लाईटचं बिल आलं की मला हाक मारते, "जयसिंगा, किती आलंय बघ की." वृषभचे मेसेजपण मीच वाचून दाखवतो. म्हणजे कुलूप एकच होतं आणि किल्ली अनेकांतच्या खिशात होती. आणि आता तो हात जोडून सांगून गेला की किल्ली हरवली.

मी हे हवेत बोलत नाही. ह्या खोलीच्या आधी राजारामपुरीत एक खोली बघितली होती. मालक निवृत्त माणूस, चांगला बोलला, पाणी दिलं, बल्ब लावून दाखवला. जाता जाता विचारलं, "आडनाव काय म्हणालासा पावणं?" तेव्हा मी सरळ सांगायचो. तो म्हणाला, "सांगतो की, मिसेसला इचारून." संध्याकाळी फोन केला तर खोली गेलेली. दोन महिने मी कामाला जाताना त्या रस्त्यानं गेलो आणि दोन महिने खोली भाड्यानं देणे आहे ही पाटी तिथं हलत होती. कोण वाईट बोललं नाही. तेच वाईट. शिवी दिली असती तर शिवीला शिवी देता येते. आणि त्याच्याही आधीचं एक आहे. चौथीत असताना आजऱ्यात एका मित्राच्या वाढदिवसाला गेलतो. केक खाल्ला, पाणी प्यालो, निघालो. चप्पल घालताना आत नळ सुटल्याचा आवाज आला, आणि पेला घासल्याचा. राखेनं, खरखर. मी दहा वर्षांचा. पेला तर सगळेच धुतात. माझी आईपण धुते. पण मी चप्पल हातात घेऊन त्या भिंतीला कान लावून उभा राहिलो, अजून किती पेले धुतायत ते मोजायला. एकच धुतला. का बाकीचे आधीच धुतले होते? का मित्राची आई ते नंतर धुणार होती? आज मी चोवीस वर्षांचा आहे आणि अजून मला त्याचं उत्तर पाहिजे.

अनेकांत वर येऊन गेला त्या दिवसापासनं मी अक्काचं घर ऐकायला लागलो. अक्काच्या मोरीतल्या नळाला पांढरं फडकं बांधलेलं असतं, पाणी गाळून पडावं म्हणून. दोन वर्षं ते फडकं बघत होतो. आता ते मला नवीन दिसायला लागलं. अंगणात दुसरा नळ आहे, माझ्यासाठी, त्याला फडकं नाही. आधी वाटायचं, सोय केलीय. आता वाटलं, वेगळं केलंय. अक्का संध्याकाळी उजेड असतानाच जेवते आणि कधीकधी वाटीभर आमटी वर पाठवायची. त्या आठवड्यात एकदाही आली नाही. एकदा जिन्यात समोरासमोर आलो तर ती भिंतीला हात लावून थांबली, मला पूर्ण पुढं जाऊ दिलं आणि मग चढली. आधी अशी थांबायची का? आठवेना. माणूस दोन वर्षं ज्या घरात राहतो तिथलं त्याला काहीच आठवत नाही. मी तिच्या तोंडाकडं बघितलं तर ती माझ्याकडं न बघता माझ्या थोडं बाजूला बघत होती. म्हटलं, झालं. आता डोळ्याला डोळा देत नाही.

निळ्या पिशवीत बुद्धाचा फोटो आहे. आईनं दिलेला, काचेचा, फ्रेमसकट. "खोलीत लाव," म्हणाली होती. टॉवेलात गुंडाळून ठेवला तो तसाच. गावी गेलं की आई विचारते, लावलास न्हवं? मी म्हणतो, व्हय. कामावरनं येऊन कॉटवर पडलो की पाठीखाली तो फोटो आहे हे कळायचं, मध्ये गादी आणि फळी असूनसुद्धा. आणि पडल्यापडल्या मी अक्काशी भांडायचो. मनात. तोंडानं एक शब्द नाही. तुमची अहिंसा म्हणजे काय ओ अक्का, मुंगीला बाजूला सारायचं आणि माणसाला खाली उतरवायचं? तुम्ही काय मला काढताय, मीच जातो. ती मनातली अक्का फार वाईट बोलायची. तिची वाक्यं मीच करायचो, एकापेक्षा एक विषारी, आणि मग त्यांना उत्तरं द्यायचो. सकाळी खरी अक्का अंगणात कपडे वाळत घालताना दिसली की मला तिच्या वाक्यांचा राग आलेला असायचा. ती म्हणायची, "उठलास व्हय?" मी उत्तर न देता निघायचो.

गुरुवारी मी डबा विसरलो म्हणून दुपारी परत आलो तर खोलीच्या मागच्या गच्चीवर एक माणूस टेप घेऊन मापं काढत होता. "कशाची मापं?" विचारलं तर म्हणाला, "मालकीणबाईंनी सांगितलंय. मला काय म्हाईत न्हाई पावणं." खाली अक्का नव्हती, देवळात गेलेली. खोली पाडणार किंवा मोठी करणार आणि दुसऱ्याला देणार. नीट कारण काढलंय, बांधकामाचं. आडनावाचं नाव न घेता. राजारामपुरीतल्या मिसेससारखं. मी डबा न घेताच दुकानात गेलो. अनेकांत मशीनवर रोल चढवत होता. दोन गिऱ्हाईकं समोर, एक मंडळाचा अध्यक्ष आणि त्याचा माणूस. मी म्हटलं, "सांगितलंस न्हवं?"

"काय गा?"

"माझं आडनाव. अक्काला."

अनेकांतचे हात रोलवर थांबले. फार नाही, एक श्वासभर. मी तो श्वास पकडला. माझ्यासाठी तेवढा पुरे होता.

"येडा झालास काय? चल भाईर, चहा पिऊ."

"भाईर कशाला? हितंच सांग की. दिवसा गोड बोलायचं, मागनं कळ लावायची, आणि वर्षातनं एकदा हात जोडून मोकळं व्हायचं. बेस्ट हाय तुमचं. तुम्हा लोकांचं."

"तुम्हा लोकांचं म्हंजे?" तो हळू बोलला. "कुणाचं, जया?"

गिऱ्हाईकं आमच्याकडं बघायला लागली होती. अध्यक्ष म्हणाला, "भांडा की सावकाश, आधी आमचा बोर्ड काढा." अनेकांत मशीनकडं वळला. त्याचा कान लाल झालेला दिसत होता. खोटारड्याचे कान लाल होतात, असं मी त्या क्षणी ठरवलं. अपमान झालेल्याचेपण होतात, हे आता सुचतंय.

रविवारी सकाळी अक्कानं खालनं हाक मारली. "जयसिंगा, उद्या वृषभ येतोय. तुझ्याशी बोलायचंय आम्हास्नी. संध्याकाळी लवकर ये." मी विचारलं, कशाबद्दल? "खोलीचं. ये तर खरं, सांगतो म्हणं त्यो." एवढंच. ती नेहमीसारखीच बोलली, पण नेहमीसारखं बोलायला किती कष्ट पडतात ते मला माहीत होतं, मी दोन वर्षं तेच करत होतो. मी बाजारात गेलो. लक्ष्मीपुरीत रविवारी सगळं मिळतं. सुकटवाली बनाबाई म्हणून आहे, पूर्वी आईसोबत यायचो तेव्हा तिच्याकडनंच घ्यायचो. "किती दिसानं रं," म्हणाली. "आई बरी हाय?" मी पावशेर सुकट घेतली. पिशवीतनं वास बाहेर येत होता आणि मी ती पिशवी मुद्दाम हलवत गल्लीतनं आलो. उद्या तुम्ही मला काढणार, त्याच्या आधी मी आज निघणार. आणि निघताना असा निघणार की तुमच्या भिंती वर्षभर मला विसरणार नाहीत.

साडेपाचला अक्का जेवायला बसते. पाच वाजता मी तवा ठेवला. खिडकी उघडी, दार उघडं. आधी कोरडी भाजली, मग तेल, लसूण, मिरची. धूर जिन्यात उतरताना दिसत होता, खरंच, जिन्यातल्या उन्हाच्या पट्ट्यात निळा निळा. डोळ्यांत पाणी आलं. मलाच तो वास सोसेना. दोन वर्षांत माझ्या नाकाची सवय गेली होती, ते मला तेव्हा कळलं. लहानपणी ह्या वासावर दोन भाकरी जास्त खायचो. मी एक घास तोंडात घातला आणि तो आत जाईना. मी चमच्यानं तवा नुसताच खरडत राहिलो, आवाज व्हावा म्हणून. आणि खरडता खरडता एक घाणेरडी गोष्ट लक्षात आली, की ते लोक मला जसा समजत असतील असं मला वाटतं, तसाच मी आता बसून होतो. कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः पैसे देऊन सामान आणलं होतं.

खाली ताट सरकल्याचा आवाज आला. मग नळ. मग पायऱ्या. एक, थांबली. दोन, थांबली. मी मोजत होतो. चौदा झाल्या आणि अक्का दारात आली, पदर नाकाला, एक हात भिंतीवर. ओरडेल म्हणून मी तयार होतो. मनात सगळी उत्तरं पाठ होती.

"गॅस बंद कर आदी," ती म्हणाली.

मी केला.

"काय झालं रं तुला? आठ दिस बगतोय, बोलत न्हाईस, चालत न्हाईस. अनेकांताला दुकानात काय बोललास त्ये त्याच्या आईनं सांगितलं मला फोनवर. आनी आज ह्ये."

"तुम्ही मला काढणारच होता," मी म्हटलं. "आडनाव कळल्यावर."

"कंचं आडनाव?"

"नाटक नको अक्का. कांबळे. अनेकांतनं सांगितलं की तुम्हाला."

ती उंबऱ्यावरच खाली बसली. गुडघे धरून, हळू. आत आली नाही. मी तेपण टिपून घेतलं, आत आली नाही. मग ती म्हणाली, "त्यो कशाला सांगतोय? पोलिसाचा फारम मीच भरला की. त्यो झेरॉक्स ठेवून गेला टेबलावर, भरायचं माझ्याकडंच व्हतं. सातवी शिकलोय मी शिरोळात. तवा डोळं चांगलं व्हतं माझं. आता मोतीबिंदू पिकलाय, दोनी डोळ्यांत. बिलं तुला वाचाय देतो ती काय उगंच?"

 जिन्यात ती भिंत धरून का थांबली ते मला आत्ता दिसलं.

"खोटं कशाला बोलू," अक्का म्हणाली. "वाचलं तवा दोन रात्री झोप न्हाई आली मला. म्हटलं गल्ली काय म्हनंल, भावकी काय म्हनंल. वर काय काय शिजवंल. नळाला हात लावंल. समदं आलं मनात. मीबी माणूसच की. अनेकांताला बोलवून म्हटलं, दुसरं कुनी बग. त्यो म्हनला, महिनाभर ठेव अक्का, मग बोल. महिना झाला. दोन वर्सं झाली. तू अंडं आनलं न्हाईस. मी ते सगळं इसरून गेल्तो." ती बोलताना शिरोळकडच्या बायकांसारखी गेल्तो, देतो असं पुरुषासारखं बोलते, मला ते नेहमी आवडायचं. "वृषभ येतोय त्ये माझ्या ऑपरेशनला. आनी मागं संडास बांधायचाय तुला, पावसात खाली येतोस म्हनून. महिनाभर खालच्या खोलीत ऱ्हा म्हनून सांगायचं व्हतं. मापं घिऊन गेलाय त्यो."

मी तव्याकडं बघत होतो. मला म्हणायचं होतं, अक्का, चुकलं. एवढा लहान शब्द. अनेकांत तो शब्द दरवर्षी घरोघर वाटत फिरतो, काही न करता. मी एवढं करून तो माझ्या तोंडातनं निघेना. निघालं ते हे, "मग अनेकांत वर का आलता? दोन वर्षांत कधी आला न्हाई."

"त्येला मुनी महाराजांनी सांगितलं, ज्येच्या दारात कधी गेला न्हाईस त्येच्याकडं आदी जा म्हनून." अक्का उठली. उठायला वेळ लागला, मी हात पुढं केला, तिनं भिंत धरली. दिसला नसेल हात. का दिसला? "आता ऱ्हा म्हनत न्हाई मी तुला," ती म्हणाली. "आडनावासाठनं न्हवं. तुजं मन असलं असंल तर मला वर माणूस हाय म्हनून झोप लागायची न्हाई. आईचा फोटो काढून घे पिशवीतनं, कपड्यात बांधून ने, काच फुटंल." आईचा म्हणजे आईनं दिलेला. दोन वर्षांपूर्वी हे मीच तिला कधीतरी सांगितलं असणार. तेही मला आठवत नव्हतं.

मंगळवारी मी खोली सोडली. वृषभनं सामान उतरवायला हात लावला. खाली फडक्याच्या नळाखाली बादली भरत होती. अनेकांत दुकानात आता "फाईल पाठव" आणि "झालं" एवढंच बोलतो. डबा तो मशीनपाशी खातो. मी तीन वेळा मेसेज टाईप केला, वर्षभरात माझ्याकडनं काय चुकलं असलं तर, आणि तीनही वेळा पुसला. कारण चुकलं 'असलं तर' नाही. आहे. आणि 'चुकलं आहे' असं टाईप केलं की पुढं काय लिहायचं ते सुचत नाही.

नवीन खोली कसबा बावड्यात आहे. मालक हंबीरराव, मिशीवाला, मोठ्यानं बोलणारा. त्यानं विचारायच्या आधीच मी सांगितलं, जयसिंग अशोक कांबळे. एवढ्या जोरात की तो दचकला. "बहिरा न्हाई मी," म्हणाला. "प्यायचं पाणी सकाळी सहाला येतं. गाडी आत लावायची." पहिल्या दिवशी मी भिंतीला खिळा ठोकला आणि फोटो लावला, दारातनं आत आलं की समोर. लावून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. पण आता मी फोटो बघत नाही, आत येणाऱ्याचे डोळे बघतो. दूधवाल्याचे. गॅसवाल्याचे. काल संध्याकाळी हंबीरराव पंख्याची तक्रार बघायला वर आला. आत आला, वर पंख्याकडं बघायच्या आधी भिंतीकडं बघितलं. बघतच राहिला. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. "वाकडा लागलाय," तो म्हणाला. पुढं झाला, दोन बोटांनी फ्रेम सरळ केली, लांब होऊन बघितली, परत केसभर हलवली. मग पंखा बघितला, उद्या माणूस पाठवतो म्हणाला आणि उतरून गेला.

खाली नळ सुटल्याचा आवाज आला.

मी चप्पल न घालता जिन्यात आलो, भिंतीला टेकलो आणि श्वास धरून ऐकायला लागलो, की तो बादली भरतोय, का हात धुतोय.